जावाचे स्थलांतर

नवी दिल्लीतील केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या अखत्यारीत असलेल्या आयकर विभागाने विवरणपत्र तयार करण्यासाठी करदात्यांना अनेक वर्षे दोन साधने दिली. एक मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलवर चालणारे. दुसरे जावा या भाषेत लिहिलेले. हे दुसरे साधन लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवरही चाले. संकेतस्थळावरच विवरण भरण्याची सोय काही साध्या नमुन्यांपुरतीच होती. कायद्याने सक्तीचे असलेले विवरण भरण्यासाठी नागरिकाला एका कंपनीचा माल विकत घ्यावा लागावा काय, हा प्रश्न म्हणूनच लहान नव्हे. दुसरी वाट ज्या खटपटीने मोकळी झाली, ती दिल्लीपासून फार दूर चालली होती.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा जाहीर केली. जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या या भाषेत एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही संगणकावर चालेल, असे आश्वासन होते. ते आपोआप पुरे होत नाही. आज्ञावली प्रथम ‘बाइटकोड’ या मधल्या रूपात उतरते आणि त्या त्या संगणकावरील ‘रनटाइम’ ती चालवतो. आज्ञावली लिहिणाऱ्याचे जे कष्ट वाचतात, ते रनटाइम रचणाऱ्याच्या माथी येतात. स्मृती मागून घेणे, एकाच वेळी चालणारी अनेक कामे सांभाळणे, फायली उघडणे, पडद्यावर अक्षर रेखणे, हे सारे प्रत्येक कार्यप्रणाली आपापल्या रीतीने करते. रनटाइमचे स्थलांतर म्हणजे यांतील प्रत्येक सांधा नव्याने जुळवणे.

लिनक्ससाठी ते काम ‘ब्लॅकडाउन’ या स्वयंसेवकांच्या गटाने केले, पण सनच्या परवान्याखाली. फळ फुकट होते, मुक्त नव्हते. ते बदलून इतरांना वाटण्याचा अधिकार वापरणाऱ्याला नव्हता. मुक्त आज्ञावलीही बंदिस्त रनटाइमवर उभी असेल तर तीही अडकते, असा इशारा रिचर्ड स्टॉलमन यांनी २००४ मध्ये दिला. ‘ग्नू क्लासपाथ’ची मंडळी तर १९९८ पासूनच, सनचा मजकूर न पाहता, जावाचे आज्ञा-भांडार मुळापासून लिहीत होती.

नोव्हेंबर २००६ मध्ये सनने रनटाइमचा गाभा मुक्त परवान्याखाली खुला केला. मे २००७ मध्ये भांडारही. तरी सुमारे ४ टक्के भाग इतरांच्या मालकीचा म्हणून बंदच राहिला, आणि त्यात अक्षरे रेखणारा भागही होता! आकडा लहान, पण त्यावाचून पडदा मुका. जून २००७ मध्ये रेड हॅटच्या अभियंत्यांनी ‘आइस्डटी’ हा प्रकल्प काढून या रिकाम्या जागा मुख्यतः क्लासपाथच्या मजकुराने भरल्या. (जावा हे कॉफीचे नाव सनच्या मालकीचे, म्हणून हे चहाचे.) एका वर्षाने, जून २००८ मध्ये, फेडोरा ९ वरील ही आवृत्ती सनच्या अनुरूपता-चाचणीत उत्तीर्ण झाली. चाचणी मात्र करार करणाऱ्यालाच मिळे; परीक्षा खुली, प्रश्नपत्रिका कुलपात.

शासकीय कामात मुक्त प्रणालींना अग्रक्रम देण्याचे धोरण भारत सरकारने मार्च २०१५ मध्ये जाहीर केले, तेव्हा हा पाया तयार होता. आयकर विभागाचे जावातील साधन जून २०२१ मध्ये नवे संकेतस्थळ आल्यावर मागे पडले.