मुलांच्या चित्रांचीं जाकिटें


आजारी मुलांनीं काढलेलीं चित्रें कापडावर उतरवून जाकिटें शिवावींत आणि विक्रीचा पैसा त्यांच्याच औषधपाण्यास लावावा, असा विचार ज्युबिलीनिमित्त पुढें आला आहे. त्यास एक दाखला आहे. अमेरिकेंत ह्यूस्टन शहरीं एम. डी. अँडरसन हें कर्करोगाचें रुग्णालय आहे. तेथील बालरुग्णांनीं रंगविलेल्या कापडाचे तुकडे जोडून अंतराळवीराचा पोशाख तयार झाला. निकोल स्टॉट ही अंतराळवीर, जी स्वतः चित्रकारही आहे, त्या कामीं पुढें होती. पोशाखाचें नांव ‘धैर्य’. सप्टेंबर २०१६ मध्यें केट रुबिन्स यांनीं तो अंतराळस्थानकांत अंगावर चढविला व तेथूनच मुलांशीं संभाषण केलें.

तुकडे जोडण्याचें कसब जालन्याकडील आयाबहिणींस मीं काय शिकवावें? वाकळ त्यांच्याच हातची! विनंती एवढीच कीं, मुलानें गाईला सहा पाय काढले, तर सहाही पाय शिवावे. सुधारलेलें चित्र मुलाचें राहत नाहीं. मग घेणारा जाकीट घेत नाहीं, नुसती कींव करून पैसे टाकतो. आणि शिवलेलें जाकीट आधीं त्या मुलास दाखवावें. तें देण्यास त्याचें मन होत नसेल, तर गिऱ्हाईक दारीं उभें असलें तरी विकूं नये.