‘हॅव’ या क्रियापदाचे वर्गातील अध्यापन
(प्राथमिक शिक्षकांच्या सभेतील भाषण)



मराठीत एक क्रियापद नाही, आणि त्याची उणीव मराठी बोलणाऱ्यास कधी भासत नाही. इंग्रजीतील ‘हॅव’ या क्रियापदाच्या जोडीस उभे राहील असे क्रियापद मराठीने ठेवलेलेच नाही. ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘गाईला चार पाय आहेत’, ‘तिला ताप आहे’, ‘त्याची चार एकर जमीन आहे’ या पाचही वाक्यांत ‘असणे’ या एकाच धातूवर काम भागते. वस्तू कोणाची, हे ‘जवळ’, ‘ला’, ‘ची’ अशा जोडांनी कळते. इंग्रजी भाषा मात्र पाचही ठिकाणी ‘हॅव’ अथवा ‘हॅज’ योजते.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यामुळे पूर्वी पाचवीच्या शिक्षकास भेटणारी ही अडचण आता पहिली-दुसरीच्या शिक्षकापुढे येते. मूल ‘टू मी आर टू ब्रदर्स’ असे म्हणते तेव्हा ते अडाणीपणाने बोलत नसते. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे वाक्य त्याने शब्दाला शब्द ठेवून उतरविलेले असते. अशा मुलास ‘चूक’ म्हणून खाली बसविणाऱ्या शिक्षकाने चुकीचे मूळ पाहिलेलेच नसते.

ते मूळ असे आहे. मराठी वाक्यात कर्ता ‘भाऊ’ आहे; म्हणून ‘आहेत’ हे अनेकवचन येते. इंग्रजीत कर्ता मालक होतो, आणि क्रियापद मालकाच्या मागे जाते. ‘राम हॅव टू ब्रदर्स’ ही चूक याच कारणाने होते. मुलाच्या मनात दोन भाऊ असतात आणि क्रियापद त्या दोघांकडे ओढले जाते. उलट ‘दे हॅज वन हाउस’ असे म्हणणाऱ्याच्या मनात एकच घर असते. भाऊ दोन असोत की दहा, राम एकटा आहे. म्हणून ‘राम हॅज टू ब्रदर्स’. तेव्हा शिक्षकाने वाक्य सांगण्यापूर्वी ‘मालक कोण?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. मुलाने मालकाचे नाव प्रथम उच्चारावे, मग क्रियापद, आणि शेवटी वस्तू. ‘आय’ आणि ‘यू’ एकटे असले तरी ‘हॅव’च घेतात, एवढा अपवाद पाठ करून घ्यावा लागतो. भूतकाळात सर्वांसच ‘हॅड’ लागत असल्याने तेथे भांडण नाही.

दुसरी चूक मुलांपेक्षा मोठ्या माणसांतच अधिक आढळते, आणि ती शिक्षकांकडून मुलांकडे जाते. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ असे चांगले शिकलेले लोकही सर्रास बोलतात. ‘अ‍ॅम’ म्हणजे ‘आहे’ हे डोक्यात पक्के बसलेले असते, आणि ‘आहे’ आल्यावाचून वाक्य पुरे झाल्याचे समाधान मराठी मनास लाभत नाही. याची पारख मराठीनेच करता येते. ‘मला दोन भाऊ असत आहेत’ असे कोणी म्हणते काय? म्हणत नाही, तर मग ‘हॅविंग’ही नको. पण ‘ती जेवत आहे’ हे वाक्य शुद्ध आहे, म्हणून ‘शी इज हॅविंग हर मील’ हेही शुद्ध. जेवण, चहा, स्नान यांसंबंधी ‘हॅव’ वापरला की ती कृती होते, आणि कृती चालू असू शकते. ताप, भाऊ, जमीन, पुस्तक या बाबतीत नुसते असणे असते.

नकारात ‘ही डझन्ट हॅज’ ही चूक ठरलेली. ‘डझन्ट’मध्ये मालकाचे एकवचन एकदा येऊन गेले, पुन्हा ‘हॅज’ कशास? ‘ही डझन्ट हॅव अ पेन्सिल’ एवढे पुरे. जुन्या पुस्तकांत ‘हॅव यू अ पेन्सिल?’ असा प्रश्न आढळतो. तो अशुद्ध नव्हे, पण आज ‘डू यू हॅव अ पेन्सिल?’ हाच प्रकार रूढ आहे, आणि लहान मुलांस एका वेळी एकच वाट दाखविणे बरे.

‘आय हॅव टू गो’ याचा अर्थ ‘मला जायचे आहे’ असा सांगण्याची प्रथा मात्र सोडली पाहिजे. त्यात इच्छा नाही, भाग पडणे आहे: ‘मला गेले पाहिजे’, ‘मला जावे लागते’. आणि ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत खपते म्हणून ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ इंग्रजीत खपत नाही. ‘काल’ आला की ‘आय सॉ हिम येस्टरडे’.

आता वाक्ये कोणती घ्यावीत, हा प्रश्न व्याकरणाहून नाजूक आहे. ‘हॅव’ हे मालकीचे क्रियापद आहे, आणि खेड्यातील वर्गात सर्वांची मालकी सारखी नसते. ‘आय हॅव अ कार’ हे वाक्य चाळीस मुलांनी एका सुरात म्हटले तर ती चाळीस खोटी वाक्ये होतात. शब्द तोंडात राहतात, अर्थ मनात उतरत नाही. ‘आय हॅव अ फादर’ हे वाक्य ओळीने प्रत्येकाकडून म्हणवून घेणारा शिक्षक कधी तरी अशा मुलापाशी येऊन पोचतो, ज्याचे वडील नाहीत. ते मूल गप्प उभे राहते, आणि त्याला ‘हॅव’ येत नाही असा शेरा वहीत पडतो. पायांत चपला नसलेल्या मुलीस ‘आय हॅव न्यू शूज’ म्हणावयास लावणे हेही त्याच जातीचे.

त्यापेक्षा शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या मुठीत एकेक चिंचोका, खडा किंवा पान द्यावे. ‘आय हॅव अ लीफ.’ ‘गंगू हॅज अ स्टोन.’ मग वस्तूंची अदलाबदल व्हावी आणि वाक्ये बदलावीत. एखाद्याची मूठ रिकामी राहिली तर ‘आय डोन्ट हॅव अ स्टोन’ हे वाक्य त्याला मिळते, आणि पुढल्या फेरीत खडाही मिळतो. दुसऱ्या दिवशी मुलांनी घरचे आपल्या मनाने सांगावे: ‘वी हॅव अ गोट’, ‘माय ग्रँडमदर हॅज अ रेडिओ’. जे सांगावयाचे नाही ते सांगण्याची सक्ती कोणावर होत नाही, आणि जे सांगितले जाते ते खरे असल्यामुळे मूल क्रियापद शोधू लागते.