मशीनचं पाणी अडलं तर

बचत गटाच्या बैठकीत आम्ही बसलो की हल्ली एक तक्रार हमखास निघते. "कपड्याची मशीन घेतली, पण पाणीच जात नाही." तालुक्याहून मिस्तरी यायला दोन दिवस लागतात. आणि पुष्कळदा दोष मशीनमध्ये नसतोच, पाण्याच्या वाटेत असतो. ती वाट कशी तपासायची, ते आज बोलू.

आधी बटण बंद करा, कोरड्या हातानं पिन काढा, मगच मशीनला हात लावा.

आता नळी बघा. दोन टबांच्या साध्या मशीनला बहुधा पंप नसतो. पाणी उतारानंच जातं. नळी उंबऱ्यावरून चढवून बाहेर काढली, की पाणी टबातच थांबतं. नळी जमिनीलगत ठेवा, नाहीतर मशीन पक्क्या ओट्यावर उंच घ्या. समोरून दार उघडणाऱ्या मशीनचं उलटं असतं. तिला पंप असतो, म्हणून नळीचं तोंड साधारण दोन ते तीन फूट उंच अडकवावं लागतं. ते खाली पडलं, तर भरता भरताच पाणी वाहून जातं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. आपल्या भागात असं पाणी वाया घालवणं परवडत नाही. वरून झाकण उघडणाऱ्या ऑटोमॅटिक मशीनमध्ये दोन्ही प्रकार मिळतात, तेव्हा सोबतच्या पुस्तिकेतलं चित्र बघून घ्या.

नळी बरोबर असेल, तर जाळी बघा. कपड्यांचे धागे, नाणी, हुक तिथंच अडकतात. समोरच्या दाराच्या मशीनची जाळी बहुधा खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या झाकणामागं असते. पाणी गरम असेल तर निवू द्या, खाली ताट ठेवा आणि झाकण हळूहळू फिरवा. अडलेल्या मोरीत अॅसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

तिसरी गोष्ट हवेची. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं, तर तेल गुडगुडत येतं. दुसरं पाडलं, की धार सरळ लागते. सांडपाण्याच्या पाईपाचंही तसंच असतं. म्हणून मशीनची नळी पाईपात चिंध्या कोंबून घट्ट बसवू नका, थोडी फट राहू द्या. मोरीच्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी साठून राहतं, तेच खालचा वास अडवतं. पाईपाला हवा नसेल, तर मशीनचं पाणी जोरात जाताना हे साठलेलं पाणीही ओढून नेतं. मग मोरी गुडगुडते, वास येतो, झुरळं वर येतात. अशा वेळी प्लंबरला सांगून हवेचा उभा पाईप छताच्या वर काढून घ्या आणि त्याच्या तोंडाला जाळी बांधा. मोरी बरेच दिवस वापरात नसेल, तर तांब्याभर पाणी ओतत जा.

शेवटी, पाणी जातं कुठं? गल्लीत सोडलं तर डबकं साचतं, डास होतात आणि शेजारणीशी भांडण होतं ते वेगळंच. संडासाच्या टाकीतही हे साबणाचं पाणी सोडू नये. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव घरोघरी शोषखड्डे करून डासमुक्त गाव म्हणून नावाजलं गेलं. खड्डा साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल घेतात. मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी बसवतात आणि भोवती दगडगोटे भरतात. आपल्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावं. विहीर आणि बोअर यांच्यापासून खड्डा चांगला लांब ठेवावा. पाणी खड्ड्यात पडण्याआधी नळीच्या तोंडाला जाळीची पिशवी बांधा आणि प्रत्येक धुण्यानंतर ती झटका. नाहीतर धाग्यांनी खड्डा बुजतो.

शोषखड्ड्यांची कामं रोजगार हमीतून झालेली आहेत. एकटीनं विचारायला गेलं, तर "बघू" म्हणतात. गटानं मिळून पाच-दहा घरांची यादी करा आणि ग्रामसभेत मांडा. मशीन एका घरात असते, पण तिचं पाणी सगळ्या गल्लीचं असतं.