लढाऊ विमानाची किंमत



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत लढाऊ विमानांवर बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. दशावतारी नाटक, भजनी परंपरा, पेडण्याची पुनव हे आपले नेहमीचे विषय. पण पेडणे आणि डिचोलीच्या माणसाने विमानांचा विषय परका मानू नये. त्याचे एक कारण मोपाच्या सड्यावर उभे आहे.

तुम्ही म्हणाल, मोपाचा विमानतळ प्रवाशांचा, तिथे लढाऊ विमानांचा काय संबंध? संबंध आहे. दाबोळीची धावपट्टी ही मुळात नौदलाच्या ‘हंसा’ तळाची आहे. तिथे लढाऊ वैमानिकांचे शिक्षण चालते आणि त्यासाठी वर्षानुवर्षे सकाळचे काही तास प्रवासी विमानांना ती धावपट्टी मिळत नसे. गोव्याला दुसरा विमानतळ हवा, या मागणीमागे हे एक मोठे कारण होते. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने सुटू लागली. सड्यावरच्या काजूच्या बागा आणि गुरांची कुरणे त्यासाठी गेली. लढाऊ विमानांच्या किमतीचा एक हप्ता पेडणे तालुक्याने जमिनीच्या रूपात भरला आहे, असे मी म्हणतो. हा हप्ता कोणत्याही खरेदी करारात लिहिलेला सापडणार नाही.

म्हणून आज मला एकच प्रश्न घ्यायचा आहे. लढाऊ विमानाची किंमत म्हणजे नेमके काय?

आधी आपल्या जुन्या वैराकडे पाहू. डिचोली १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेले. तेव्हापासून आपली घरे एका बाजूला आणि सोयरीक दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती पावणेदोनशे वर्षे राहिली. स्वतंत्र भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा बाहेरच्या जगाशी संपर्क राहावा म्हणून पोर्तुगिजांनी १९५५ च्या सुमारास दाबोळीचा विमानतळ बांधला. म्हणजे ती धावपट्टीही वैरातूनच जन्माला आली.

१८ डिसेंबर १९६१ रोजी पहाटे आपल्याकडचे डिचोली, अस्नोडा आणि कोलवाळचे पूल पोर्तुगिजांनी उडवले. त्याच सकाळी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. इमारतींना धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. या सगळ्यात गोव्याच्या आभाळात पोर्तुगालचे एकही लढाऊ विमान नव्हते.

पोर्तुगालकडे लढाऊ विमाने नव्हतीच, असे नाही. अमेरिकी बनावटीची सेबर विमाने त्यांच्याकडे होती. त्याच १९६१ साली त्यांतली काही त्यांनी आफ्रिकेतल्या आपल्या गिनी वसाहतीत नेली. पण ती विमाने नाटो कराराखाली, युरोपच्या संरक्षणासाठी दिलेली होती. अमेरिकेने आक्षेप घेतला आणि १९६४ मध्ये पोर्तुगालला ती परत न्यावी लागली. ही गोष्ट लक्षात ठेवा. विमान आपल्या तळावर उभे असते, त्यावर आपला रंग असतो, वैमानिक आपला असतो, तरी ते कुठे न्यायचे हे दुसरा ठरवू शकतो.

आता विमान घडवणाऱ्यांकडे वळू. दाबोळीवर आलेल्या कॅनबेराचा आराखडा पेटर नावाच्या इंग्रज अभियंत्याचा. याच पेटरने पुढे नॅट हे छोटे लढाऊ विमान आखले. त्या काळात प्रत्येक नवे लढाऊ विमान आधीच्यापेक्षा जड आणि महाग होत होते. शत्रूने वेग वाढवला की आपण मोठे इंजिन लावायचे, मोठ्या इंजिनाला जास्त इंधन, जास्त इंधनाला मोठे धड, मोठ्या धडाला आणखी मोठे इंजिन. पेटरने हे चक्र उलटे फिरवले. हंटरचे रिकामे वजन सहा टनांच्या वर, तर नॅटचे जेमतेम सव्वादोन टन. ब्रिटनने स्वतःच्या हवाई दलासाठी नॅट फक्त शिक्षणापुरते घेतले. लढण्यासाठी ते मुख्यतः भारताने घेतले आणि बंगळुरूला परवान्याखाली बांधले. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांना या चिमुकल्या विमानाने झुंज दिली. त्यात दोषही होते. पल्ला कमी होता, तोफा अडकत. तरी गरीब देशाला परवडेल आणि संख्येने उभे करता येईल असे ते विमान होते.

त्याच वेळी आपण स्वतःचे विमानही आखत होतो. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूला ‘मारुत’ तयार झाले आणि १७ जून १९६१ रोजी, म्हणजे गोवामुक्तीच्या सहा महिने आधी, आकाशात झेपावले. धड उत्तम होते. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे स्वप्न होते. पण त्या तोडीचे इंजिन मिळाले नाही. नॅटमध्ये एक असे तेच ब्रिटिश ऑर्फियस इंजिन मारुतमध्ये दोन बसवावे लागले. त्याची अधिक शक्तीची आवृत्ती तयार करण्यासाठी लागणारा खर्च द्यायला आपले सरकार तयार झाले नाही. इजिप्तच्या इंजिनावर आशा ठेवली, तो प्रकल्पही १९६९ मध्ये बंद पडला. मारुत १९७१ च्या युद्धात लढले, पण ज्या वेगासाठी ते आखले होते तो त्याला कधीच गाठता आला नाही. तेव्हा वाचवलेल्या पैशांची किंमत पुढच्या पिढ्या परदेशी इंजिनांच्या रूपाने देत आल्या.

मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे आरमार बांधायला घेतले, तेव्हा त्या कामावर रुय लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज आणि त्याचे कारागीर होते. ही गलबते उद्या आपल्यावरच येतील, हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ओळखले आणि कारागिरांना काम सोडून निघून यायला लावले. लाकूड होते, पैसा होता, हात मात्र निघून गेले. महाराज थांबले नाहीत. इथल्याच माणसांकडून आरमार उभे राहिले आणि पुढे पोर्तुगिजांना त्याची दखल घ्यावी लागली. ज्यांनी १६६८ मध्ये आपल्या डिचोलीतल्या नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले, त्यांची ही गोष्ट आहे. देवळाची आठवण आपण जपतो, आरमाराच्या या धड्याची तेवढी जपत नाही.

आता आजचे आकडे पाहू. वर्तमानपत्रात ‘इतक्या कोटींचे विमान’ असे वाचताना एक काळजी घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस विमानांचा करार झाला, रक्कम ४६,८९८ कोटी. भागाकार केला तर एका विमानाला सुमारे ५६५ कोटी येतात. पण बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेली एका लढाऊ विमानाची किंमत ३०९ कोटी होती. मधला फरक सुटे भाग, देखभालीची सामग्री, करशुल्क अशा गोष्टींचा. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल घेण्याचा करार सुमारे ६३,००० कोटींचा झाला. त्यातही शस्त्रे, शिक्षण आणि देखभाल धरलेली आहे. दोन विमानांची तुलना करताना कोणत्या रकमेत काय धरले आहे, हे विचारल्याशिवाय वाद घालू नये.

आणि करारात न दिसणारा खर्च? त्यासाठी पुन्हा दाबोळीला जावे लागते. तिथे असलेले मिग-२९के हे नौदलाचे विमान मूळ मिग-२९ वरून आले. मूळ विमान सोव्हिएत संघाने अमेरिकेच्या नव्या विमानांना उत्तर म्हणून आखले होते. युरोपच्या आघाडीवर, जवळच्या धावपट्टीवरून उठून लवकर निकाल लावायचा, असे ते युद्ध त्यांच्या डोळ्यांसमोर होते. आपल्याला मात्र तेच कुळातले विमान खाऱ्या वाऱ्यात, जहाजाच्या डेकवर आपटत उतरवत, पंचवीस वर्षे वापरायचे. २०१६ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात त्याचे परिणाम नोंदलेले आहेत. ६५ इंजिनांपैकी ४० आराखड्यातल्या दोषांमुळे काढावी लागली, आणि कामासाठी तयार विमानांचे प्रमाण सुमारे १६ ते ३८ टक्के एवढेच होते. ४५ विमाने विकत घ्यायची आणि त्यातली बरीचशी हँगरमध्ये उभी ठेवायची, मग खरी किंमत किती झाली ते तुम्हीच मांडा.

परक्याचे विमान घेताना आपण त्याच्या वैराचा आराखडाही विकत घेतो. त्याचा शत्रू कोण होता, किती दूर होता, त्याच्याकडे पैसा किती होता, हे सगळे त्या पंखांत आणि इंजिनात बसलेले असते. आपले हवामान आणि आपली गरज त्यात नंतर बसवावी लागते, आणि बसवणावळ वेगळी पडते.

गोव्याच्याच एका सुपुत्राला हे हिशेब जवळून पाहावे लागले. मनोहर पर्रीकर हे आय. आय. टी. मुंबईत धातुशास्त्र शिकलेले. २०१४ ते २०१७ या काळात ते देशाचे संरक्षणमंत्री होते. २३ सप्टेंबर २०१६ रोजी ३६ राफेलच्या करारावर त्यांनी सही केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ८३ तेजसच्या खरेदीला त्यांच्या अध्यक्षतेखाली प्राथमिक मंजुरी मिळाली. राफेलवरून पुढे राजकारण बरेच झाले, त्यात मी शिरत नाही. मला या दोन निर्णयांची जोडी महत्त्वाची वाटते. आजची गरज विकत घेऊन भागवायची आणि उद्याची घरी घडवायची. मोपाच्या विमानतळाला आज त्यांचेच नाव आहे.

घरी घडवण्याची वाट सोपी नाही. तेजसचा प्रकल्प १९८३ चा, पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ चे. त्यासाठी हाती घेतलेले कावेरी इंजिन पुरेसे ठरले नाही, म्हणून अमेरिकी इंजिन बसवले. नव्या तेजसची इंजिने ठरल्या वेळी आली नाहीत आणि विमाने रखडली. मारुतची गोष्ट साठ वर्षांनी पुन्हा समोर आली. तरी दाबोळीच्याच तळावर, जहाजासारखा उतार बांधलेल्या धावपट्टीवरून, २० डिसेंबर २०१४ रोजी नौदलाच्या तेजसने झेप घेतली आणि जानेवारी २०२० मध्ये ते विक्रमादित्यवर उतरले. नौदलाने शेवटी राफेल घेतले, पण या प्रयोगातून मिळालेले ज्ञान आपल्याजवळ राहिले. ते कोणी परत मागू शकत नाही.

आता शेवटी डिचोलीकडे येतो. शिरगाव, मये, लामगाव या भागातून निघालेले खनिज ट्रकांनी, मग बार्जांनी मुरगावला आणि तिथून जपानला गेले. आपले डोंगर टनाच्या भावाने गेले. तेजसचे रिकामे वजन साडेसहा टनांच्या आसपास आहे. ३०९ कोटींना त्याने भागले तर किलोला पावणेपाच लाख रुपये पडतात, २०२१ च्या चांदीच्या भावाच्या कितीतरी पट. आपल्या लोखंडाच्या मातीतून थेट इंजिनाची पाती होत नाहीत, त्याला निकेलसारखे धातू आणि फार नाजूक ओतकाम लागते, हे मला ठाऊक आहे. मुद्दा एवढाच की टनाचा भाव आणि किलोचा भाव यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते माणसाच्या शिकलेल्या हाताचे आहे.

आपल्या घरांनी दोन शतके परक्या राजवटीत मराठी टिकवली. पोथ्या जपल्या, मुलांना घरी अक्षरे गिरवायला लावली. त्यासाठी कोणाकडून परवाना घेतला नाही. तीच चिकाटी आता धातूच्या, यंत्राच्या विद्येसाठी लागणार आहे. तुमच्या घरातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला धातुशास्त्र शिकावेसे वाटले, तर ‘त्यात नोकरी कुठे?’ हा प्रश्न लगेच विचारू नका. आणि पुढच्या वेळी मोपाच्या सड्यावरून विमान उठताना पाहाल, तेव्हा दाबोळीवरचे दुसरे विमानही आठवा. त्या दोघांच्या खर्चात आपलाही वाटा आहे, म्हणून हिशेब विचारण्याचा हक्कही आपला आहे.