काचेवर उजेड कोरताना

(गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात दिलेल्या सप्रयोग भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम श्रीगजाननाला वंदन करतो. चौदा विद्या आणि चौसष्ट कलांच्या या दैवतासमोर माझी कला फार लहान आहे. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनियर. माइकपेक्षा हातात हत्यार असले की मला बरे वाटते. म्हणून कार्यकर्त्यांना सांगून टेबल, काळे कापड आणि दिव्याची सोय आधीच करून घेतली आहे. विषय आहे, हातात धरायच्या फिरत्या मशीनने काचेवर माणसाचा चेहरा कोरणे.

काच आणि आपला उत्सव यांचे नाते जुने आहे. ज्या लोकमान्यांमुळे हा उत्सव १८९३ नंतर गावोगावी पोचला, त्यांचाच पाठिंबा अंताजी दामोदर काळे यांच्या ‘पैसा फंडा’ला होता. माणशी एक पैसा अशी वर्गणी जमवून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. तिथला ‘प्रभाकर’ कंदील इथल्या अनेक ज्येष्ठांना आठवत असेल.

काचेवर कोरण्याची परंपरा युरोपात बहरली. प्रागला बादशहा दुसरा रुडॉल्फ याच्या दरबारी कास्पर लेहमान फिरत्या चाकावर काच कोरीत असे. १६०९ साली त्याला या कामाचा खास परवाना मिळाला. अठराव्या शतकात हॉलंडमध्ये फ्रान्स ग्रीनवुड हिऱ्याच्या टोकाने नुसते ठिपके देऊन चित्रे काढी. ते चाक आणि तो ठिपका, दोन्ही या मुठीत मावणाऱ्या मशीनमध्ये एकत्र आले आहेत.

आता मुख्य गोष्ट. गाडीच्या संडासाच्या खिडकीची पांढुरकी काच आपण सगळ्यांनी पाहिली आहे. अशा काचेला रंग लावावा लागत नाही. पृष्ठभाग खरबरीत असला की प्रकाश सरळ पार न जाता विखुरतो आणि काच पांढरी दिसते. म्हणजे मशीनचे टोक जिथे टेकेल तिथे उजेड उमटेल आणि जिथे टेकणार नाही तिथे मागच्या काळ्या कापडाचा अंधार राहील. कागदावर पेन्सिलीने आपण सावली भरतो. इथे सगळे उलटे. आजीचे पांढरे केस कोरायचे, तरुणाचे काळे केस बहुतांशी सोडून द्यायचे. आणि इथे रबर नाही. एकदा दिलेला ठिपका कायमचा.

सामान फार लागत नाही. पाच किंवा सहा मिलिमीटरची साधी काच घ्यावी आणि दुकानातूनच कडा घासून आणाव्यात. डब्याच्या किंवा मोटारीच्या खिडकीची टफन्ड काच मात्र घेऊ नये. तिचा पृष्ठभाग मुद्दाम दाबाखाली ठेवलेला असतो. तो थर भेदला गेला की सगळ्या काचेचा एकदम चुरा होतो. टोक हिऱ्याच्या भुकटीचे असावे. दातांचे डॉक्टर वापरतात तसले बारीक ‘बर’ उत्तम चालतात. फोटोची हव्या त्या मापाची झेरॉक्स काचेखाली चिकटवावी. चित्र काचेच्या मागच्या बाजूने कोरणार असाल तर झेरॉक्स आरशातल्यासारखी उलटी काढावी, नाहीतर कपाळावरचा तीळ दुसऱ्या बाजूला जातो आणि घरचे लोक लगेच ओळखतात.

हात हलका ठेवावा. दाबून कोरले तर कपच्या उडतात आणि टोकही लवकर झिजते. आधी सगळ्या चेहऱ्यावर विरळ ठिपके द्यावेत, मग कपाळ, नाक, गाल जिथे उजळ तिथे दाट करत जावे. पूर्ण झाल्यावर काचेच्या खालच्या कडेला एलईडीची पट्टी लावली की चित्र पेटल्यासारखे दिसते. कडेतून शिरलेला उजेड काचेतच परावर्तित होत पुढे सरकतो आणि कोरलेल्या ठिकाणी बाहेर पडतो. आमच्या रुळांच्या कडेने जमिनीत घातलेल्या ऑप्टिकल फायबरमध्ये उजेड धावतो तो याच तत्त्वावर.

एक सूचना कळकळीची. कोरताना काच ओली ठेवा, थेंब थेंब पाणी द्या, पण विजेचे मशीन पाण्यात बुडू देऊ नका. चष्मा आणि एन-९५ मास्क लावा. भुकटी फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आपल्याच मध्यप्रदेशात मंदसौरच्या स्लेट-पेन्सिल कामगारांना दगडाच्या धुळीने सिलिकोसिस झाला. काचेची भुकटी आणि ती धूळ एक नव्हे, पण बारीक धूळ छातीत जाऊ द्यायची नाही हा धडा तोच.

आता एक अनुभव. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी त्यांच्या यजमानांचा फोटो आणला. घरात तेवढा एकच होता, जुन्या ओळखपत्रावरचा. डोक्यावर टोपी, वरून ऊन, त्यामुळे डोळे पूर्ण सावलीत. मुलगा म्हणाला, “दादा, डोळे माझे बघून काढा, आमचे सारखेच आहेत.” काकू हळूच म्हणाल्या, “ह्यांचे डोळे तसे नव्हते रे.”

मी विचार केला, जे फोटोत नाही ते मी कुठून आणणार? दुसऱ्याचे डोळे बसवले तर चित्र देखणे होईल, पण माणूस दुसराच होईल. तेवढी जागा मी कोरीच ठेवली. काळ्या कापडावर ठेवताच टोपीची सावली जशीच्या तशी उतरली. काकू बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “उन्हात असेच उभे राहायचे.”

आज बाजारात लेझर मशीन काही मिनिटांत फोटो कोरून देते. कामही स्वच्छ असते, माझे तिच्याशी भांडण नाही. पण लेझरला दिलेल्या फोटोवरचा डाग आणि गालावरचा तीळ यांतला फरक तिला कुणीतरी सांगावा लागतो. तो सांगणारी माणसे आपल्या घरांत आज ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून मंडळाच्या तरुणांना माझी विनंती आहे. नोकरीधंद्यासाठी इतक्या लांब जबलपूरला येऊन ज्यांनी इथे गणपती बसवला, त्यांचे फोटो ट्रंकेत पिवळे पडत आहेत, काहींना वाळवी लागली आहे. या दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर काढा. आधी स्कॅन करा. आजी-आजोबांजवळ बसून नाव, गाव, अंदाजे साल विचारून लिहून ठेवा. काचेवर कोरण्याचे काम त्यानंतरचे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावे. मशीन माझे, काच तुमची.

आता दिवे थोडे मंद करावेत, म्हणजे प्रात्यक्षिकाला सुरुवात करतो. 

गणपती बाप्पा मोरया!