अकरा दिवस जागा मुलगा


काल रात्री नीट झोपलात ना?

आजची गोष्ट अमेरिकेतल्या सॅन डिएगोची.
डिसेंबर 1963.
रँडी गार्डनर, वय 17.
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं ठरवलं, झोपायचंच नाही.

तो जागला.
तब्बल अकरा दिवस.

आधी चिडचिड वाढली.
मग नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या.

गंमत म्हणजे, झोपेचे अभ्यासक डॉ. विल्यम डिमेंट यांना त्यानं पिनबॉलच्या खेळात हरवलं!
हात चालत होते.
डोकं मात्र साथ सोडत होतं.

शेवटी त्याला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करत जा.
पासष्टला तो थांबला.
का रे थांबलास?
म्हणाला, काय करत होतो तेच विसरलो.

पुन्हा सांगते, हात चालतात, पण डोकं साथ सोडतं.
झोप फार तुंबली, की उघड्या डोळ्यांनीच क्षणभर डुलकी लागते.
आपल्याला पत्ताही लागत नाही.
आणि तेव्हा हातात स्टेअरिंग असेल तर?

रँडी नंतर सुमारे चौदा तास झोपला.
सावरलाही.
पण उतारवयात निद्रानाशानं त्याला छळलं.

गिनीज बुकानं तर जागरणाचे विक्रम नोंदवणंच बंद केलंय.