अंगण लहान, माणसे पाच



बागेवर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना झाडांची नावे हवी असतात. मी मात्र आधी माणसे मोजणार आहे. हिंगोलीत काय किंवा वसमतला काय, वाड्यांचे चौक आता थोडेच उरले. नव्या घरापुढे उरते ती फार तर बारा फूट रुंद व पंधरा फूट लांब जागा. तिच्यावर आजीचा हक्क, दोन मुलांचा हक्क, नवराबायकोचा हक्क. शिवाय कपडे वाळत घालायचे असतात ते वेगळेच. म्हणून पहिला नियम असा की, मध्यभाग रिकामा सोडावा आणि झाडे कडेला न्यावीत. मुलाला पळता येत नाही ती बाग घरच्यांची नव्हे.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला लागून वाफा केला आणि त्याला रोज पाणी घातले, तर पाया हलतो व भिंतीला तडे जातात. वाफा भिंतीपासून तीन-चार फूट दूर असावा. तेवढी जागा नसेल तर कुंड्या बऱ्या. कुंडीत नुसती काळी माती भरू नये. वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे, म्हणजे पाणी निचरते.

आता पाणी. आपला पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. पुढे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची चिंता, तेथे फुलझाडांना कोण देणार? न्हाणीचे पाणी केळीला, कर्दळीला द्यावे. कच्च्या खायच्या कोथिंबिरीला ते घालू नये. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा डास तेवढ्याच स्वच्छ पाण्यात वाढतो.

पश्चिमेला मांडव घालावा. जानेवारी-फेब्रुवारीत दोडका लावला, तर एप्रिलच्या उन्हात आजीला बसायला सावली होते आणि भाजीही मिळते. त्याच विरळ सावलीत, मोठ्या कुंडीत, मे-जूनमध्ये हळदीचे कंद लावावेत. हळद ही आपल्या जिल्ह्याची ओळख. पण बाजारात पोती पाहणाऱ्या किती मुलांनी तिचे पान चुरगाळून वास घेतला आहे? आठ-नऊ महिन्यांनी पाने वाळली की काढणीचे काम मुलांकडेच सोपवावे.

शेवटी एक गोष्ट, जी मी आग्रहाने सांगणार आहे. देवपूजेला फुले मिळतात म्हणून पुष्कळ अंगणांत कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, असते. दोन्ही झाडे विषारी आहेत. बिट्टीच्या बिया मुले खेळायला घेतात. ती बी पोटात गेली तर हृदयाची गती बिघडून जीवही जाऊ शकतो. कोणी खाल्लीच, तर घरगुती उपाय करीत बसू नये, उलटी करवू नये. बी बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. लहान मूल असलेल्या घरी ही झाडे नकोतच. देवाला जास्वंद चालते, मोगरा चालतो, पारिजातकही चालतो.

मृगाला अजून अवकाश आहे. तोवर खड्डे खणण्याची घाई करू नका. चार दिवस नुसते पाहा: ऊन कोठून येते, पाणी कोठे साचते, मुले कोठे खेळतात, म्हातारे माणूस खुर्ची कोठे ओढते. मग दोरीने माप घ्या, आणि त्यांच्या जागा सोडून जे उरेल, तेथे झाड लावा.